विश्लेषण : नाव दुसऱ्याचे, भांडवल आपले, शिक्का सरकारचा... वालचंद हिराचंद यांचे आयुष्य फ्रँचायझीबद्दल काय सांगते?

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता चहाच्या साखळी दुकानापासून दुचाकीच्या शोरूमपर्यंत अनेक धंदे फ्रँचायझीवर चालतात. करार दोघांत होतो, पण धंदा किती वर्षे टिकणार हे बऱ्याचदा तिसराच ठरवतो. तो तिसरा म्हणजे सरकार. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हा अनुभव घेतला. सरकारी नियमाने धंदा कधी वाचतो, कधी हातचा जातो आणि कधी हळूहळू खंगतो, हे त्यांच्या आयुष्याच्या आधारे समजून घेऊ.

सांगोल्याच्या रेल्वेशी त्यांचा संबंध काय?

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. डाळिंबाच्या या तालुक्याचे नाव त्या दिवशी देशभर गेले. पण ज्या मार्गावर सांगोला स्थानक आहे, तो मार्ग मुळात सरकारने घातलेला नाही. बार्शी लाईट रेल्वे या इंग्लंडमधील खासगी कंपनीने तो घातला. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोलामार्गे मिरजेला. रुळांची रुंदी होती जेमतेम अडीच फूट.

ही कंपनी सरकारशी केलेल्या करारावर चालत होती. भांडवल कंपनीचे, पण त्या भागात रेल्वे चालवण्याचा हक्क सरकारने दिलेला आणि पुढे ती विकत घेण्याचा अधिकारही सरकारने राखून ठेवलेला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. फ्रँचायझी या शब्दाचा जुना अर्थ हाच आहे : सत्तेने एखाद्याला दिलेला खास हक्क. एका कंपनीने दुसऱ्याला आपले नाव आणि पद्धत वापरू देणे, हा अर्थ नंतर रूढ झाला. वालचंद यांची उद्योगातील सुरुवात याच बार्शी लाईट रेल्वेच्या कामाने झाली, आणि पुढे या दोन्ही प्रकारचे हक्क त्यांनी मिळवले आणि गमावलेही.

वालचंद कोण होते?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारासाठी ते सोलापूर भागात आले आणि इथलेच झाले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. वालचंद लहान असतानाच त्यांची आई गेली. शालेय शिक्षण सोलापुरात झाले, नंतर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. ते घरच्या पेढीवर बसू लागले, पण त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही.

१९०३ च्या सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेतील माजी कारकून. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्यामागे घरची पत होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचे काम घेतले. गुजराती पेढीवरचा तरुण आणि ब्राह्मण कारकून ही जोडी त्या काळात वेगळीच होती. पण काम वेळेत झाले आणि एकामागून एक कंत्राटे मिळत गेली. पुढे टाटांच्या बांधकाम कंपनीशी हातमिळवणी झाली, बोर घाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी मोठी कामे झाली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. आज एचसीसी म्हणून ओळखली जाते ती हीच.

कंत्राटदारीतून वालचंद एक गोष्ट शिकले. सरकार हे गिऱ्हाईक असते, तपासनीस असते आणि परवानगी देणारेही तेच असते. या तिन्ही भूमिकांत सरकार एकाच दिशेने चालेल याची खात्री मात्र नसते.

जहाज कंपनीला नियमाचा फटका बसला की नियम नसल्याचा?

पहिले महायुद्ध संपताना ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीला निघाले. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतले आणि १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज निघाले, पण धंदा सोपा नव्हता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनी आणि तिच्या साथीदार कंपन्यांच्या ताब्यात होती. नवी कंपनी आली की भाडे इतके पाडायचे की तिला परवडूच नये, ही त्यांची रीत. दुसरे हत्यार होते परताव्याचे. वर्षभर आपल्याच जहाजांतून माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्यातील काही रक्कम उशिराने परत मिळे. मध्येच दुसऱ्या कंपनीला एक खेप दिली, तर तो परतावा बुडे. त्यामुळे सिंदियाचे भाडे कमी असले तरी व्यापारी तिच्याकडे जायला बिचकत.

या दोन्ही गोष्टी थांबवणारा कायदा नव्हता. शिवाय सरकारी टपालाची कंत्राटे ब्रिटिश कंपन्यांकडे होती. सरकार यात पडले नाही, आणि न पडणे म्हणजे बलवान बाजूला मोकळे रान देणे ठरले. १९२३ मध्ये सिंदियाला तडजोड करावी लागली. दहा वर्षांच्या करारात तिला किनारी मालवाहतुकीपुरते राहणे आणि जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा मान्य करणे भाग पडले. धंदा टिकला, पण दुसऱ्याने आखलेल्या रेषेच्या आत.

१९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. अमेरिकेने १९२० च्या जोन्स कायद्याने आपली किनारी वाहतूक स्वतःच्या जहाजांसाठी राखली होती. इथे मात्र हाजींचे विधेयक कायदा होऊ शकले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढची दोन दशके ते हीच मागणी करत राहिले. ती मान्य झाली ती स्वातंत्र्यानंतर.

जहाजबांधणीचीही हीच कथा. कारखान्यासाठी कोलकात्यात जागा मिळवण्याचे प्रयत्न फसले, म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरले. पण इथे जहाज बांधण्याचा खर्च परदेशी जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त येई आणि सरकारी मदतीशिवाय तो पेलणे शक्य नव्हते. १९५२ मध्ये हा कारखाना सरकारच्या नियंत्रणाखाली गेला आणि हिंदुस्तान शिपयार्ड झाला.

विमानाचा कारखाना हातचा का गेला?

१९३९ मध्ये परदेश प्रवासात वालचंद यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी झाली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. तसाच कारखाना भारतात का नको, हा विचार वालचंद यांच्या मनात पक्का झाला. युद्ध सुरू झाले होते आणि ब्रिटनला विमानांची गरज होती. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली.

आराखडे अमेरिकी कंपन्यांचे होते. परवान्यावर इथे विमाने जुळवायची, असा हा व्यवहार. १९४१ मध्ये पहिले प्रशिक्षण विमान हवेत उडालेही. त्याच वर्षी भारत सरकारने कंपनीत एक तृतीयांश भाग घेतला. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्यावर, १९४२ मध्ये, सरकारने वालचंद यांचा हिस्साही विकत घेतला. आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल याच कारखान्यातून वाढली.

देशाला यातून मोठी संस्था मिळाली, हे खरेच. पण उद्योजकाच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. या कारखान्याचे गिऱ्हाईक एकच होते, सरकार. कच्चा माल आणि यंत्रे आणण्याची परवानगी देणारेही सरकारच. ज्या धंद्यात एकमेव गिऱ्हाईक आणि परवानगी देणारा एकच असतो, तिथे मालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. वालचंद यांना पैसे मिळाले, पण कारखाना उभा राहून दोन वर्षे होण्याआधीच तो त्यांचा राहिला नाही.

मोटारीचा करार कसा झाला?

आजच्या फ्रँचायझीच्या सर्वात जवळ जातो तो मोटारीचा धंदा. मुंबईत मोटार कारखाना काढावा, असा आराखडा सर एम. विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकात मांडला होता आणि वालचंद त्यात उत्साहाने उतरले होते. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते. पण युद्धाच्या प्रश्नावरून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि तो आधार गेला.

अमेरिकेत वालचंद यांनी आधी फोर्डशी बोलणी केली. ती फळली नाहीत. १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. नाव, आराखडे आणि तांत्रिक ज्ञान क्रायस्लरचे, भांडवल आणि कारखाना इथला, अशी विभागणी. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. तिसरी सही मात्र मिळेना. भारत सरकारने युद्धकाळात या कारखान्याला साथ दिली नाही. जहाजांत जागा नाही, परकी चलन नाही, युद्धाच्या कामाला याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका. लष्कराला हजारो ट्रक लागत असताना ते बाहेरून येत राहिले आणि मुंबईतला कारखाना कागदावर राहिला.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीची नोंदणी झाली. कुर्ल्यात कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पहिले वाहन बाहेर पडले. डॉज, प्लिमथ, डी सोटो ही क्रायस्लरची नावे भारतीय कारखान्यातून निघू लागली. करारापासून पहिल्या वाहनापर्यंत सात वर्षे गेली. दरम्यान बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये निघाली होती आणि महिंद्रा बंधू विलीज कंपनीची जीप जुळवू लागले होते.

परवानगीला लागलेला हा उशीर छोटी गोष्ट नाही. भांडवल अडकते, भागीदार कंटाळतो, यंत्रांच्या किमती बदलतात. मोठा उद्योगपती ते सोसू शकतो. दुकानाचे आगाऊ भाडे भरून अन्न परवान्याची किंवा अग्निशमन दाखल्याची वाट पाहणारा छोटा माणूस काही महिन्यांतच मेटाकुटीला येतो.

सरकारी नियमाने कोण गेले, कोण राहिले?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्या विसाच्या दशकापासून मुंबईत मोटारी जुळवत होत्या. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे बसवले जायचे. १९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा १९५२ मध्ये लागू झाला. कोणी काय आणि किती बनवायचे, यासाठी परवाना आवश्यक झाला. १९५३ मध्ये जकात आयोगाने मोटार उद्योगाचा अभ्यास केला. सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच काम चालू ठेवावे, अशी दिशा ठरली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९५४ च्या सुमारास इथले काम गुंडाळले. प्रीमियर, हिंदुस्तान मोटर्स, महिंद्रा अशा कंपन्या राहिल्या.

एकाच नियमाने दोन कंपन्या गेल्या आणि दुसऱ्या तगल्या, त्या कशामुळे? ज्यांचा धंदा फक्त नाव आणि जुळणी यावर होता, त्यांना इथे मुळे नव्हती. इंजिन, गिअर, सांगाडा इथेच बनवण्याची तयारी ज्यांनी दाखवली, त्यांना नियमाने जागा दिली. प्रीमियरने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार केला आणि छोट्या मोटारीकडे मोर्चा वळवला. क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांपेक्षा फियाट भारतीय कुटुंबाला आणि टॅक्सीवाल्याला परवडणारी होती.

हे फळ पाहायला वालचंद उरले नाहीत. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. ज्या बार्शी लाईट रेल्वेवर त्यांनी पहिले कंत्राट घेतले, ती त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच सरकारजमा झाली.  उद्योगाची धुरा त्यांच्या भावांनी आणि पुढच्या पिढीने सांभाळली. सांगोला परिसरातील अनेक मुले ज्या सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली, त्याला वालचंद यांचेच नाव आहे.

संरक्षण मिळूनही प्रीमियर का खंगली?

वालचंद यांच्यानंतरची कथा त्यांच्या आयुष्याइतकीच बोलकी आहे. ज्या परवाना पद्धतीने प्रीमियरला स्पर्धेपासून वाचवले, तिनेच तिचे हातही बांधले. किती गाड्या काढायच्या हे परवान्यात लिहिलेले. जास्त काढायच्या तर नवी परवानगी. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीची किंमतही सरकार ठरवत होते आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाईक मात्र पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. गाडी कशीही असो, विकली जाणारच, अशी स्थिती असल्यावर तिच्यात सुधारणा करायची निकड कोणाला वाटणार? फियाट ११०० चे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले, पण आतली गाडी फारशी बदलली नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या सहकार्याने सरकारी कंपनी मारुतीची ८०० बाजारात आली. १९९१ नंतर परवाने सैल झाले आणि नव्या परदेशी कंपन्या आल्या. विसावे शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी काही वर्षे दिसत राहिली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा होती. त्या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती शहराच्या रस्त्यांवरून गेली. परवान्याने जन्माला आलेली गाडी शेवटी नियमानेच निवृत्त झाली.

साखरेतही असेच घडले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण मिळाले आणि इंदापूर तालुक्यातील कळंबला वालचंद यांचा कारखाना उभा राहिला. तेच आजचे वालचंदनगर. नाशिक जिल्ह्यातील रावळगावही त्यांनी त्याआधीच वसवायला घेतले होते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने राज्यातील खासगी साखर कारखान्यांकडील मोठी शेती गेली आणि त्यातून १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ आले. ऊस स्वतःच्या शेतात पिकवायचा, हा त्या कारखान्यांचा पायाच बदलला.

आजच्या फ्रँचायझीला हे कसे लागू होते?

काळ बदलला, तरी तिसऱ्या सहीचे महत्त्व कमी झालेले नाही. १९७३ च्या परकी चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना इथल्या व्यवसायातील आपला हिस्सा कमी करण्याचे बंधन आले. कोका-कोलाने १९७७ मध्ये देश सोडला. तिच्या नावावर बाटल्या भरणारे भारतीय कारखानदार मागे राहिले. यंत्रे, ट्रक, कामगार सगळे होते, फक्त नाव गेले होते. त्यांच्यापैकी प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला हे स्वतःचे पेय काढले आणि तग धरला. कोका-कोला १९९३ मध्ये परतली.

अलीकडचे उदाहरण दुचाकी विक्रेत्यांचे. बीएस-३ वाहनांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च रोजी दिला. दोन-तीन दिवसांत मिळेल त्या किमतीला गाड्या विकण्यासाठी शोरूमबाहेर रांगा लागल्या. प्रदूषण कमी करण्यासाठी नियम योग्यच होता. प्रश्न होता तो शिल्लक मालाचा भार कंपनी उचलणार की विक्रेता, हा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. १९५४ नंतर या दोन्ही कंपन्या दुसऱ्यांदा गेल्या आणि या वेळीही मागे राहिले ते त्यांच्या नावावर कर्ज काढून शोरूम बांधणारे. वाहन विक्रेत्यांच्या संघटनेने फ्रँचायझी संरक्षण कायद्याची मागणी केली ती यामुळेच.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय नियम आहे. फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला खर्च, जुने खटले, बंद पडलेल्या शाखा यांची माहिती आधीच लेखी द्यावी लागते. भारतात असे बंधन नाही. इथे १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, ग्राहक संरक्षण, अन्नसुरक्षा आणि जीएसटी यांच्या आधारे काम चालते. म्हणजे नियम पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक ग्राहकाचे, सरकारच्या महसुलाचे किंवा नावाच्या मालकाचे रक्षण करतात. पैसे गुंतवणाऱ्या स्थानिक माणसाचे रक्षण त्याच्या हातातला करारच करतो.

मग सांगोल्यात एखाद्याने शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून फ्रँचायझी घ्यायची ठरवली, तर काय पाहावे? पहिली गोष्ट, मुदत. कर्ज सात वर्षांचे आणि करार तीन वर्षांचा असेल, तर उरलेली चार वर्षे कशाच्या आधारावर? नूतनीकरण कोणत्या अटीवर, हे लेखी हवे. दुसरी, नियम बदलल्यास खर्च कोणाचा. नवा परवाना, नवे यंत्र, शिल्लक माल यांचे ओझे कोणी उचलायचे, हे करारात स्पष्ट असावे. तिसरी, नाव खरेच नोंदवलेले आहे का. व्यापारचिन्हांची नोंद सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येते.

चौथी, कर. साध्या उपाहारगृहाच्या बिलावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो आणि त्यात आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फ्रँचायझीच्या रॉयल्टीवर मात्र १८ टक्के द्यावे लागतात. म्हणजे महिन्याला २० हजार रुपये रॉयल्टी असेल तर त्यावरचे ३,६०० रुपये सरळ खर्चात जातात. नफ्याचे गणित दाखवणाऱ्या माहितीपत्रकात ही ओळ आहे का, हे पाहावे. पाचवी, परवाना कोणाच्या नावावर. अन्नसुरक्षेची नोंदणी प्रत्येक दुकानाला वेगळी लागते. चूक झाली तर नोटीस दुकान चालवणाऱ्यालाच येते, पाटीवर नाव कोणाचेही असो.

मग नियम हवेत की नकोत?

वालचंद यांच्या अनुभवातून याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर निघत नाही. जहाजाच्या धंद्यात नियम नव्हता म्हणून ते अडले. विमानात सरकार स्वतःच मालक झाले. मोटारीत आधी परवानगी अडली, मग नियमानेच आधार दिला आणि शेवटी त्याच नियमाच्या सावलीत कंपनी आळसावली. धंद्याला दीर्घकाळ पोषक ठरतो तो आधी माहीत असलेला, वारंवार न बदलणारा आणि मुदत ठरलेला नियम. संरक्षणाच्या मुदतीत जो काम शिकून घेतो, स्वतःचे काही उभे करतो, तो नियम उठल्यावरही राहतो. नाव गेल्यावर कॅम्पा कोला काढणाऱ्यांनी स्वतःचे पेय तरी उभे केले. पद्मिनी बनवणाऱ्यांना ते जमले नाही.

बार्शी लाईटचे अडीच फुटी रूळ आता सांगोल्यात नाहीत. तिथे ब्रॉडगेज आहे आणि त्यावरून डाळिंबे बंगालपर्यंत जाऊन आली आहेत. कंपनी गेली, मार्ग राहिला. फ्रँचायझी घेणाऱ्याने सही करण्याआधी स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा : उद्या पाटीवरचे नाव गेले, नियम बदलला, तर आपल्या हातात काय उरेल? जागा, गिऱ्हाईक आणि अंगी आलेले काम यांपैकी काही उरणार असेल, तर जोखीम घेण्यासारखी आहे. केवळ पाटी उरणार असेल, तर थांबलेले बरे.